बॉनेटखालचं बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न

डिसेंबर लागला की सकाळी गाडी चालू होत नाही. मेकॅनिक म्हणतो, उंदरांनी वायर कुरतडली. थंडीमुळे ते उबेला येतात का? (फोंडा)

बर्फाळ देशांत हे मोठं कारण आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा विशीच्या आसपास असतो, आणि इंजिन काही तासांत निवतं. गोव्यात खरी गडबड उडते ती शरदाच्या भातकापणीनंतर. शेतं मोकळी झाली की उंदीर-घुशी वस्तीकडे सरकतात, आणि बॉनेटखाली त्यांना काळोखी, कोरडी जागा आयती मिळते. पावसात बिळांत पाणी शिरलं की तोच प्रकार, म्हणून नुसता थंडीपुरता बंदोबस्त करून भागत नाही.

बॉनेट उघडून टॉर्च मारा. बॅटरीमागच्या कोपऱ्यात काथ्याचे पुंजके, सुपारीची साल, काळ्या लेंड्या, बॉनेटच्या आतल्या फोमचे लचके दिसले, तर समजा बिऱ्हाड थाटलंय. मग आजूबाजूला बघा. नारळाच्या सोडणांचा ढीग, कोंबड्यांचं खाद्य, कुत्र्याच्या ताटलीतला उरलेला भात. हे हलवलं नाही तर पुढचे सगळे उपाय फुकट.

तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, आवाजाचं यंत्र: यातलं काय घ्यावं? (डिचोली)

माझं मत विचाराल तर यातलं एकही नको. वास उडतो, आवाजाला उंदीर सरावतो. डांबरगोळ्या ब्लोअरच्या तोंडाशी ठेवल्या तर वाफ थेट केबिनमध्ये येते, मुलांच्या नाकात. विष तर मुळीच नको. उंदीर मरतो तो नेमका हात न पोचणाऱ्या जागी, आणि तो खाणारी मांजरं-घुबडंही जातात. त्यापेक्षा ब्लोअरच्या हवा घेण्याच्या तोंडावर पाव इंची छिद्रांची लोखंडी जाळी मेकॅनिककडून बसवून घ्या. प्लास्टिकची ते कुरतडतात. भिंतीलगत पिंजरा लावा, आत भाजलेलं खोबरं.

नवरा बोटीवर असतो, गाडी सहा-सहा महिने उभी. (मडगाव)

आठवड्यातून एकदा कोणीतरी गाडी फिरवून आणली तर उत्तमच. ते जमत नसेल तर डॅशबोर्डच्या कप्प्यातली बिस्किटं-चणे काढा, ब्लोअर आतल्या हवेवर ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. जमिनीला टेकणारं कव्हर घालू नका, त्याच्या आड त्यांचं फावतं.

बोटीवरून आल्यावर लगेच चावी फिरवू नका. आधी बॉनेट उघडा. पेट्रोलचा वास आला तर इंधनाची रबरी नळी कुरतडलेली असू शकते, अशा वेळी स्टार्टर मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. लेंड्या सुक्या झाडू नका. ब्लीचच्या पाण्याने भिजवा, हातमोजे घालून पुसा. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, उंदराच्या मुतातून पसरतो.

वायरीत सोयाबीन असतं म्हणून उंदीर खातात, हे खरं? (म्हापसा)

काही वायरींच्या वेष्टनात सोयापासूनचे घटक असतात, त्यावरून अमेरिकेत खटलेही झाले. पण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीही चालतं. जुन्या गाड्यांच्या वायरीही तो सोडत नाही.

विमा मिळतो का? (पेडणे)

नुसता थर्ड पार्टी असेल तर नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असली तरी अटी वाचा, उंदरांचं नुकसान धरलंय का ते कंपनीला लेखी विचारा. वायरिंग बदलण्याआधी फोटो काढा आणि सर्व्हेअर येईपर्यंत कुरतडलेल्या वायरी टाकू नका.