'डॅनडॅन' म्हणजे कावड!

प्रश्न असा: "चीनमधल्या चेंगदूच्या 'डॅनडॅन नूडल्स'मधलं डॅनडॅन म्हणजे दुप्पट झणझणीत, असं हॉटेलात सांगितलं. बरोबर आहे का? आणि नूडल्सना मराठीत शेवया म्हटलं तर चालेल का?"

साफ चूक. हेच मलाही एका हॉटेलात ठासून सांगितलं गेलं आणि जेवणावरची वासनाच उडाली. 'डॅन' हा उच्चार तर रोमन स्पेलिंग इंग्रजी थाटात वाचल्यामुळे आलेला. चिनी स्पेलिंगमधला 'डी' आपल्या 'त'ला जवळचा, म्हणून शब्द 'तानतान'. जपान्यांनीही हा पदार्थ उचलला तो 'तानतानमेन' म्हणूनच, फक्त त्यात भरपूर रस्सा ओतला.

मराठी कान फसतो तो द्विरुक्तीमुळे. गरमगरम, लाललाल, झणझण. आपल्याकडे शब्द दोनदा आला की जोर चढतो. चेंगदू ज्या सिचुआन प्रांतात आहे, तिथल्या बोलीत मात्र ताटली, डबा, बरणी अशा रोजच्या वस्तूंची नावंच दुहेरी होतात. शेजारच्या चोंगछिंग शहराच्या चढणींवर बांबूच्या दांड्याने ओझी वाहणाऱ्या हमालांना 'पांगपांग' म्हणतात, म्हणजे नुसतं 'दांडा'. तसंच तानतान म्हणजे खांद्यावरच्या दांड्याला दोन टोकांनी टांगलेलं ओझं. आपली कावड!

विक्रेता दारोदार फिरायचा. एका टोकाला शेगडी आणि उकळतं भांडं, दुसऱ्या टोकाला कच्चे नूडल्स, वाडगे, मसाले. कुणी हाक मारली की कावड खाली. वाडग्याच्या तळाशी मिरचीचं लाल तेल, त्यावर नूडल्स, वर परतलेला खिमा आणि 'यात्साय' ही मोहरीच्या देठांची खारवलेली भाजी. खाणाऱ्याने तळापासून ढवळून घ्यायचं. तिखटाबरोबर जिभेला मुंग्या आणणारं 'ह्वाच्याव' असतंच; ते आपल्या कोकणी तिरफळाच्याच कुळातलं.

इंग्रजीत याचं 'फेरीवाल्याचे नूडल्स' असं भाषांतर सर्रास करतात आणि आपले खाद्यलेखक तेच मराठीत उतरवतात. मला हे मुळीच मान्य नाही. मूळ नावात माणूस नाही, दांडा आहे. ज्या भाषेत प्रत्येक पोराने श्रावणबाळाचं चित्र पाहिलेलं असतं, तिला 'फेरीवाला' कशाला लागावा? 'कावड' हा नेमका शब्द घरात असताना उसनवारी करणाऱ्यांची कीव येते.

आता खरी गंमत. हेच 'तान' अक्षर उतरत्या सुरात उच्चारलं तर ओझं, आणि उंच सपाट सुरात उच्चारलं तर खांद्यावर वाहणं. या दुसऱ्या 'तान'ला 'शिन', म्हणजे हृदय, जोडलं की 'तानशिन' होतं. हृदयाचं ओझं वाहणं, म्हणजेच चिंता करणं. आणि आपण चिंतेला काय म्हणतो? काळजी! तीही काळजातूनच आलेली. दोन भाषांचं एकमेकींशी काडीचं नातं नाही, तरी दोघींनी चिंता ठेवली ती एकाच जागी. फरक एवढाच की सिचुआनातल्या माणसाला त्याच अक्षरात कावडही दिसते. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचत नव्हतं. वजनाच्या बाजारातही हाच शब्द आहे. एक 'तान' म्हणजे आज 50 किलो, मुळात एका माणसाच्या कावडीवर मावेल इतकं ओझं.

शेवयांचं राहिलंच. या पदार्थाच्या चिनी नावातलं 'म्येन' म्हणजे मुळात गव्हाचं पीठ आणि त्याचे नूडल्स, तेव्हा शेवया खुशाल म्हणा. तांदळाच्या नूडल्सना मात्र तिकडे 'म्येन' म्हणत नाहीत, त्यांना 'फन' हा वेगळा शब्द आहे. त्यांच्यासाठी कोकणातले शिरवाळे आहेतच. मेनू मी लिहिला असता तर सरळ 'कावडीच्या शेवया' असं छापलं असतं.