वाचकांचे प्रश्न : दुधाच्या पावतीतून उलगडणारा ‘एमआयएस’

प्रश्न : सर, मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम’ (एमआयएस) हा विषय आहे. वर्गात व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे आणि तोटे लिहून दिले जातात. टीपीएस, एमआयएस आणि डीएसएस यांतील फरकाचा तक्ता मी तीनदा पाठ केला, तरी आठवड्याने सगळे मिसळून जाते. बारावी वाणिज्य शाखेतून केल्यामुळे संगणकाची थोडी भीतीही वाटते. पुस्तकातील उदाहरणे मोठमोठ्या कंपन्यांची असतात. आमच्या घरी शेती आणि चार गायी, व्यवसायाचे वातावरण असे नाहीच. हा विषय समजून घ्यायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : घरी चार गायी आहेत आणि व्यवसायाचे वातावरण नाही, ही तुमची दोन्ही विधाने मला एकत्र मान्य करता येत नाहीत. तुमच्या घरातून रोज दोन वेळा दूध संकलन केंद्रावर जात असणार आणि तिथून एक छोटी छापील पावती घरी येत असणार. ती पावती वहीत चिकटवा आणि अभ्यासाला तिच्यापासूनच सुरुवात करा.

पावतीवर उत्पादक क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातील इतर घन पदार्थ), दर आणि रक्कम एवढ्या गोष्टी असतात. केंद्र चालवणाऱ्या दूध संस्थेचे सचिव कॅन ओततात, वजनकाटा आकडा दाखवतो, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ पाहून दरपत्रकातून दर ठरतो आणि पावती बाहेर येते. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून जाहीर होतो, हे तुमच्या वडिलांना पाठ असेल. एका व्यवहाराची अचूक आणि तत्काळ नोंद करणारी ही व्यवस्था म्हणजेच तुमच्या तक्त्यातील टीपीएस, अर्थात व्यवहारांची नोंद ठेवणारी प्रणाली. तिचा सगळा जीव एकेका पावतीत असतो.

आता त्या संस्थेच्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसून पाहा. संस्थेचे २२० उत्पादक आहेत असे धरले, तर दिवसाला ४४० आणि दहा दिवसांच्या बिलाला ४,४०० नोंदी होतात. या नोंदींचा गठ्ठा अध्यक्षांपुढे ठेवून काहीच उपयोग नाही. त्यांना पाहायचे असते ते असे, की मागच्या दहा दिवसांच्या तुलनेत संकलन किती घटले, संस्थेने मोजलेले दूध आणि संस्थांचे दूध घेणाऱ्या दूध संघाने टँकर उतरवताना मोजलेले दूध यांत किती फरक पडला, आणि कोणाचे फॅट त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीपासून एकाएकी खाली आले. त्याच ४,४०० नोंदी गाळून, जुळवून, ठरलेल्या वेळी अध्यक्षांसमोर येतात तेव्हा तो एमआयएस होतो. यातील शेवटच्या यादीला अपवाद-अहवाल म्हणतात. ती यादी २२० नावांची असेल तर कोणी वाचणार नाही. सहा नावांची असेल तर सचिव त्याच संध्याकाळी त्या सहा घरी जाऊन गाय आजारी आहे की चारा बदलला आहे याची चौकशी करतील.

संघाच्या पातळीवर प्रश्न आणखी वेगळा असतो. नवा बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवणारी मोठी टाकी, कोणत्या गावात बसवावा, याचे उत्तर कोणत्याही अहवालात तयार मिळत नाही. टँकरचा मार्ग बदलला तर डिझेल किती वाचेल, उन्हाळ्यात संकलन पाचव्या हिश्शाने घटले तर कूलर परवडेल का, असे ‘समजा असे झाले तर’ या स्वरूपाचे प्रश्न आकडे बदलून पुन्हा पुन्हा विचारावे लागतात. त्यासाठी जी प्रणाली हाताशी असते तिला डीएसएस, म्हणजे निर्णयाला साहाय्य करणारी प्रणाली म्हणतात. निर्णय शेवटी माणसांनाच घ्यायचा असतो, कारण त्या गावातील वीज किती भरवशाची आहे आणि तिथली माणसे किती मिळून चालतात, याचाही विचार त्यात करावा लागतो.

तुमचा तक्ता मिसळून जातो तो याच कारणाने, की त्यात प्रणाली आहेत पण निर्णय नाहीत. या विषयाची मांडणी मुळात निर्णयांवरूनच झाली. हर्बर्ट सायमन यांनी १९६० साली ठरावीक चाकोरीतले निर्णय आणि चाकोरीबाहेरचे निर्णय असा भेद मांडला. रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ साली धोरणात्मक नियोजन, व्यवस्थापकीय नियंत्रण आणि दैनंदिन कामकाजाचे नियंत्रण असे तीन स्तर सांगितले. अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी १९७१ साली हे दोन्ही विचार एका चौकटीत बसवले. तुमच्या पुस्तकातील त्रिकोणाची आकृती याच विचारांवर उभी आहे. ही नावे परीक्षेत लिहा, पण त्याआधी कॅन स्वीकारायचा की परत करायचा, बोनस किती द्यायचा आणि कूलर कुठे बसवायचा हे तीन निर्णय त्या आकृतीत योग्य जागी ठेवून पाहा.

एक धोका मात्र नीट समजून घ्या, कारण तो पुस्तकांत अर्ध्या ओळीत उरकलेला असतो आणि प्रत्यक्ष कामात रोज समोर येतो. समजा एकाने १० लिटर दूध ३.२ फॅटचे घातले आणि दुसऱ्याने २ लिटर ४.४ फॅटचे. एक्सेलमध्ये फॅटच्या रकान्याची सरासरी काढली तर ३.८ येते आणि सगळे उत्तम आहे असे वाटते. प्रत्यक्षात कॅनमध्ये एकत्र झालेल्या १२ लिटर दुधाचे फॅट ३.४ आहे, म्हणजे प्रमाणापेक्षा कमी. लिटर गुणिले फॅट यांची बेरीज करून तिला एकूण लिटरने भागले, तरच खरा आकडा हाती येतो. पिव्होट टेबलने, म्हणजे एक्सेलमधील गोषवारा काढणाऱ्या सोयीने, तयार केलेल्या देखण्या अहवालातही ही चूक बेमालूम लपून राहते, आणि मग संघाकडून कमी दराचे बिल आले की सचिवांवर विनाकारण संशय घेतला जातो. संगणकाने बेरीज आणि भागाकार बिनचूकच केलेला असतो. कोणती सरासरी हवी हे त्याला सांगणाऱ्याने चुकीचे सांगितलेले असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला भारित सरासरी अकरावी-बारावीपासून माहीत असते, म्हणून या विषयात तुमची बाजू लंगडी आहे असे मी मुळीच मानत नाही.

संगणकाच्या भीतीबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. व्यवसायाच्या नित्य कामासाठी संगणक प्रथम वापरला तो इंग्लंडमधील जे. लायन्स या चहाची उपाहारगृहे चालवणाऱ्या कंपनीने. तिने केंब्रिज विद्यापीठातील यंत्राच्या धर्तीवर ‘लिओ’ नावाचा स्वतःचा संगणक बांधला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीतील मालाच्या मूल्यांकनाचा हिशेब सुरू केला. पाव, केक आणि त्यांचा खर्च! हा विषय हिशेबाच्या वहीतून संगणकाकडे गेलेला आहे, आणि हिशेबाची वही तुम्हाला परकी नाही.

प्रश्न : मी पुण्यात बी.कॉम. करतो आणि संध्याकाळी एका ठोक किराणा दुकानात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी करतो. टॅली येते, एक्सेलही बऱ्यापैकी येते. मग एमआयएस वेगळा शिकून काय मिळणार? त्यापेक्षा थेट प्रोग्रॅमिंग शिकू का?

उत्तर : टॅली तुम्हाला साठा किती आहे हे सांगते. मालकांना मात्र दिवाळीसाठी भाजके पोहे, चणाडाळ आणि रवा किती भरावा हे ठरवायचे असते. त्यासाठी तुम्ही मागील वर्षांच्या ऑक्टोबर महिन्याची विक्री काढून दिलीत, तर मालकांची फसगत होईल. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला झाले. २०२५ साली दिवाळी ऑक्टोबरमध्येच आली. महिन्याला महिना लावून पाहिले तर २०२३ चा ऑक्टोबर मंदीचा आणि २०२५ चा तेजीचा दिसतो, आणि दोन्ही निष्कर्ष खोटे ठरतात. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे तीस दिवस, वीस दिवस आणि दहा दिवस असे गट करून विक्री मांडली, तरच तुलना खरी होते. तारीख, माल आणि रक्कम हे रकाने टॅलीत आहेतच. ‘सणाला किती दिवस उरले’ हा रकाना तुम्हाला भरायचा आहे. तो भरावा हे सुचण्यासाठीच एमआयएस शिकायचा.

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक रसेल ॲकॉफ यांनी १९६७ सालीच बजावले होते, की व्यवस्थापकांना उपयुक्त माहितीच्या तुटवड्यापेक्षा निरुपयोगी माहितीच्या ओझ्याचा त्रास अधिक होतो, आणि व्यवस्थापक जी माहिती मागतो तीच त्याला हवी असते असे गृहीत धरणे चुकीचे आहे. तुमचे मालक ‘सगळी विक्री काढून दे’ म्हणतील. ती काढून द्याच, पण त्यावरून ते काय ठरवणार आहेत हे अदबीने विचारून घ्या.

प्रोग्रॅमिंग शिकण्यास हरकत नाही, पण त्याआधी एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती मागण्याची भाषा, शिका. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन या चार गोष्टी नीट आल्या, की लाखभर नोंदींतून हवे ते काढता येते. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत माहिती ठेवण्याच्या पद्धतीवर, ती भाषा उभी आहे. ग्राहकाचे नाव प्रत्येक बिलावर पुन्हा न लिहिता ग्राहक क्रमांक का ठेवायचा, हे त्यातून कळले म्हणजे टॅलीतील लेजरही तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

प्रश्न : एमआयएसच्या प्रकल्पासाठी कोणताही व्यावसायिक माहिती देत नाही. मित्र जुन्या प्रकल्पातील नावे बदलून सादर करतात. मीही तसेच करावे का?

उत्तर : करू नका. व्यावसायिकांची भीती रास्त असते, म्हणून ती आधी दूर करा. पहिल्याच भेटीत लेखी द्या, की ग्राहकांची नावे, मोबाइल क्रमांक आणि बँक खाती तुम्हाला नको आहेत, आणि रकमा एका ठरावीक संख्येने गुणून बदलल्या तरी चालतील. प्रमाण कायम राहते, त्यामुळे विश्लेषण बिघडत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली संमत झाला आहे, तेव्हा ही सवय आत्ताच लागलेली बरी. तेही जमले नाही, तर आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील देवघेवीचा काउंटर निवडा आणि परवानगी घेऊन तिथे दोन दिवस बसा. कोणते पुस्तक मागितले गेले आणि मिळाले नाही, याची नोंद बहुधा कुठेच होत नसते. ग्रंथपालांना पुढच्या वर्षीची खरेदी ठरवायला नेमकी तीच नोंद लागते, आणि ती ठेवणारा साधा नोंद-तक्ता तयार करून महिनाभर चालवून दाखवणे हा पुरेसा मोठा प्रकल्प आहे.