प्रबंधात १८ टक्के साम्य निघालं, वाक्यं फिरवली की भागतं का?

तुम्ही लातूरहून मराठवाडा मुक्तिसंग्रामावर मराठीत पीएच.डी. करताय, प्रबंधाच्या साहित्यचोरी तपासणीत दुसऱ्यांच्या मजकुराशी १८ टक्के साम्य निघालं आणि सोबतचे म्हणतात वाक्यं फिरवून १० च्या आत आणा. विद्यापीठ हे आकडे ठरवतं कशावरून, असं तुम्ही विचारलंय.

आकडे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या विनियमांतले आहेत. नांदेडचं विद्यापीठ असो की संभाजीनगरचं, धोरण त्याच चौकटीत बसवावं लागतं. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं, ६० पर्यंत वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पण चोरी झाली की नाही हे साम्य मोजणारं यंत्र ठरवत नाही. आधी विभागाची समिती बघते, मग संस्थेची.

म्हणून आधी अहवाल नीट वाचा. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि सर्वज्ञात माहितीतले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे मोजायचे नसतात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली, हे तुमच्या विषयावरच्या प्रत्येक प्रबंधात येणारच. हे सगळं वगळून तपासलंय का, ते ग्रंथालयात विचारा.

वाक्यं मात्र फिरवू नका. दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून मांडणं हीसुद्धा चोरीच, असं विनियमांची व्याख्या सांगते. आणि मराठीत तर यंत्राला फसवणं फार सोपं आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर त्याला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. हिंदीतून उतरवलेलं सहज निसटतं. आपल्याकडच्या कितीतरी स्थानिक अभ्यासकांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून या लढ्याच्या आठवणी टिपल्या. त्यांची पुस्तकं नेटवर नाहीत. त्यांच्यातलं पानच्या पान उचललं तरी साम्य शून्य येईल. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण त्या माणसांचं नाव टिकायची जागा म्हणजे आपल्या तळटिपाच.

अहवालातला प्रत्येक रंगवलेला भाग मूळ पुस्तकाशी ताडून बघा. शब्दशः घेतलं असेल तर अवतरणचिन्हं आणि पृष्ठक्रमांक द्या. नुसती तळटीप पुरत नाही. मग गाईडना दाखवूनच पुन्हा तपासणीला द्या, कारण प्रबंधात चोरी नाही असं प्रमाणपत्र त्यांनाही द्यावं लागतं.