सोलापुरातल्या कॅथोलिक प्राथमिक शाळेचा नाताळचा कार्यक्रम पालक-शिक्षक संघाकडे आला आहे. गव्हाणी, नाटिका, खाऊ यांची तयारी कशी करावी?

मुलगा दुसरीत, कार्यकारी समितीत चिठ्ठीनं तुमचं नाव निघालं, घरात कुणी ख्रिस्ती नाही आणि सिस्टरांनी यंदाचा नाताळ पालकांकडे सोपवलाय, असं तुम्ही लिहिलं आहे. मुलं पहिली ते चौथीची, साधारण 240. हाताशी पाच-सहा आठवडे आहेत, तेवढे पुरतात.

आधी दोन गोष्टी बैठकीत पक्क्या करून घ्या. कार्यक्रम दीड तासाच्या वर जाणार नाही, आणि प्रत्येक मूल एकदा तरी रंगमंचावर येईल. पुढचे बहुतेक निर्णय यातूनच सुटतात. सहा-सात वर्षांचं मूल सतरंजीवर त्याहून जास्त बसत नाही. आणि ज्यांचं मूल मागं कुठंतरी पडदा धरून उभं राहिलं, ते पालक पुढच्या वर्षी मदतीला येत नाहीत.

तारीख डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली घ्या, पण सुट्टी लागायचा दिवस नको. त्या दिवशी निम्मी मुलं गावाला गेलेली असतात. कार्यक्रम सुट्टीनंतर जानेवारीत घेऊ, असं कुणीतरी हमखास सुचवेल. ऐकू नका. 12 जानेवारीला हुतात्मा दिन, लगेच सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. नंदीध्वज, अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम यात अख्खं शहर गुंतलेलं असतं, मंडपवाला आणि स्पीकरवालाही मिळत नाही. वेळ सकाळी साडेनऊ ते अकरा ठेवा. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये आला आहे, त्यामुळे सात-साडेसातला मुलांना बोलावून नटवण्याची जुनी पद्धत सोडा. पाणी किती दिवसांआड येतं ते तुम्हाला माहीत आहेच. आदल्या दिवशी शाळेची टाकी भरलेली आहे का, हे शिपाईमामांना विचारून थांबू नका, स्वतः वर चढून बघा. 240 मुलं आणि तेवढेच पालक आले की स्वच्छतागृहाचं पाणी तासाभरात संपतं.

आता गव्हाणी. येशूजन्माचा हा देखावा मांडण्याची परंपरा असिसीच्या संत फ्रान्सिसपर्यंत जाते. त्यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो या गावी खऱ्या गवताची गव्हाण, बैल आणि गाढव ठेवून पहिला देखावा केला. म्हणजे मूळ कल्पनाच गोठ्याची, चमकीची नाही. आणि गोठा उभा करायला सोलापूरसारखं ठिकाण नाही. इथं ज्वारीचा कडबा मुबलक आहे. दोन बाकं जोडून 5 बाय 4 फुटांचा पाया करा, त्यावर बांबूच्या कामट्यांचा तीन फूट उंच गोठा उभारा. छपराला कडब्याची ताटं, जमिनीवर त्याचा वाळला पाला. दोन-तीन पेंढ्यांत काम होतं. ताटांची धार बोट कापते, म्हणून तोडणी मोठ्यांनी करावी आणि मुलांच्या हाती फक्त पाला द्यावा. डोंगरासाठी जुनी तागाची पोती मातीच्या पातळ काल्यात बुडवून उलट्या डब्यांवर पसरा. ती वाळायला दोन दिवस लागतात, ओल्यावर रंग मारला की पोपडे सुटतात. थर्माकोल आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि मुलांनी ते शाळेत बघूही नये.

हिरवळीसाठी गहू पेरा. घटासाठी पेरतो तसंच: रात्रभर भिजवलेले गहू, ताटलीत दोन बोटं माती आणि शेणखत, रोज फक्त शिंपडून पाणी. नवरात्रात नऊ दिवसांत जेवढे वाढतात तेवढे डिसेंबरच्या थंडीत वाढत नाहीत, म्हणून 12 दिवस धरा. पाणी साचलं की बुरशी येते आणि वास सुटतो. एका वर्गाला दोन ताटल्या दिल्या की मुलं सकाळी आल्या आल्या आधी तिकडं धावतात.

मूर्ती शाडूच्या, मुलांनीच केलेल्या. उंची आधी सांगून ठेवा: उभा माणूस 6 इंच, बैल 5, मेंढी 3. नाहीतर योसेफापेक्षा मेंढी मोठी होते. सावलीत पाच दिवस वाळू द्या, उन्हात ठेवल्या की तडकतात. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्या हिशेबानं गव्हाणी एकदम न मांडता आठवड्या-आठवड्यानं भरली तर उत्तम: आधी रिकामा गोठा आणि जनावरं, मग मेंढपाळ, मग मरीया आणि योसेफ. बाळ कधी ठेवायचं हे फादर किंवा सिस्टरांना विचारा. चर्चमध्ये ते 24 तारखेच्या रात्रीच ठेवतात. त्यामुळे काही शाळा गव्हाण रिकामी ठेवतात आणि बाळ फक्त नाटिकेत आणतात. आगमनकाळाच्या चक्रात, म्हणजे हिरव्या पानांच्या गोल कड्यावरच्या चार मेणबत्त्यांत, तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असते. बाजारात चारही लाल मिळतात, त्या घेऊ नका. शाळेत बॅटरीवरच्याच लावा. सुका कडबा आणि खरी ज्योत एका खोलीत नको, याला अपवाद नाही. दिव्यांच्या माळा एलईडीच्या, वायरचे जोड कडब्यापासून हातभर लांब, आणि खोलीला कुलूप लावताना प्लग काढलेला.

नाटिका 12 ते 15 मिनिटांची पुरे. कथा बायबलमधल्या शुभवर्तमानांत दोन ठिकाणी आहे: मेंढपाळ लूकच्या दुसऱ्या अध्यायात, पूर्वेकडचे ज्ञानी लोक मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात. संहिता लिहिण्याआधी दोन्ही वाचून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. ज्ञानी लोक तीनच होते असं मत्तय कुठंही म्हणत नाही. भेटी तीन आहेत: सोनं, ऊद, गंधरस. म्हणजे सहा मुलांना ती भूमिका दिली तरी चुकीचं नाही. मेंढपाळ 20, देवदूत 20, तारे, मेंढ्या, बेथलेहेमचे गावकरी आणि खाणावळवाले धरून एका प्रवेशात 80 मुलं सहज बसतात. उरलेली समूहगीतांत आणि एखाद्या नाचात.

लहान मुलांना संवाद देऊ नका. चौथीतले चार निवेदक दोन उभ्या माइकवर, माइक त्यांच्या तोंडाच्या उंचीला, आणि बाकीच्यांनी फक्त अभिनय करायचा. कॉलर माइक लावला की मूल त्याच्याशीच खेळतं आणि स्पीकर शिट्टी मारतो. तालीम रोज 20 मिनिटं, दहा शाळेचे दिवस, मधल्या सुट्टीत कधीच नाही. शेवटच्या दोन तालमी प्रत्यक्ष जागेवर आणि पोशाखात घ्या, कारण पंख लावलेला देवदूत विंगेच्या दारातून आत जात नाही हे तेव्हाच कळतं.

पोशाखावर खर्च करायचं कारण नाही. आपल्याकडचा टॉवेल डोक्याला बांधला की गावकरी झाला, खांद्यावर घोंगडी टाकली की मेंढपाळ. सोलापूरच्या मुलांनी मेंढपाळ धनगरांच्या रूपात पाहिलेला आहे, त्यांना तोच ओळखीचा वाटतो आणि ती चालतातही तसंच. काठी मात्र पुठ्ठ्याच्या नळीची द्या, खऱ्या काठ्यांनी पडद्यामागं मारामारी होते. पंख तारेचे नकोत, डोळ्यात जातात. पुठ्ठा आणि इलॅस्टिक वापरा. सेफ्टी पिनऐवजी नाडी. गोंदानं चिकटवलेल्या दाढ्यांनी हनुवटीला खाज येते, योसेफ बिनदाढीचा चालतो. बाळ म्हणून बाहुली घ्या, कुणाचं खरं तान्हं बाळ नको.

गाण्यांत मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड यायलाच हवं. पूर्व भागातून येणाऱ्या निम्म्या घरांत आजी तेलुगूच बोलते, अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड. पूर्ण गाणं बसत नसेल तर निवेदनात ‘क्रिस्मस शुभाकांक्षलु’ आणि ‘क्रिसमस हब्बद शुभाशयगळु’ एवढं तरी घ्या आणि उच्चार त्या त्या घरच्या आजीकडून तपासून घ्या. मागं बसलेली आजी तेवढ्या एका वाक्यासाठी टाळ्या वाजवते. कार्यक्रम तिचाही व्हायला पाहिजे.

घरात कुणी ख्रिस्ती नाही म्हणून तुम्हाला संकोच वाटतोय, तो काढून टाका. अशा शाळांत बहुतेक पालक ख्रिस्तेतरच असतात आणि सिस्टरांना ते ठाऊक असतं. मात्र प्रत्येक घराची लेखी संमती घ्या. राज्यघटनेच्या 28(3) कलमानुसार मान्यताप्राप्त शाळेतही कुणाला धार्मिक उपासनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. चिठ्ठीत दोन चौकोन ठेवा: नाटिकेत भाग, की फक्त स्वागत, सजावट आणि खाऊवाटप. दुसरा चौकोन निवडणाऱ्यांना कारण विचारू नका, आणि त्या मुलांचं काम मंचावरून सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगा.

खाऊ पूर्ण बिनअंड्याचा ठेवा, वेगवेगळे दोन खोके करू नका. वाटताना ते हमखास बदलतात. केक घेणार असाल तर किलोचे 25 तुकडे धरा, म्हणजे मुलांसाठी दहा किलो. त्यापेक्षा कुलकुल, म्हणजे नाताळात करतात ते तळलेले गोड शंख, चांगले: घरी होतात, टिकतात आणि आयांना एकत्र बसायला निमित्त मिळतं. 750 ग्रॅम मैदा, 250 ग्रॅम बारीक रवा, 200 ग्रॅम पिठीसाखर, 100 ग्रॅम कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, आणि मळायला लागेल तसं नारळाचं दूध, साधारण 350 मिली. तासभर झाकून ठेवा, बोराएवढी गोळी जेवणाच्या काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर दाबून गुंडाळा, मंद आचेवर तळा. एवढ्यात दीड किलोच्या आसपास होतात. प्रत्येकी 50 ग्रॅम द्यायचे तर 240 मुलांना 12 किलो, म्हणजे याच्या आठपट. मोहन वाढलं की ते तेलात विरघळतात, तेल फार तापलं की बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात. तळायला शेंगदाणा तेल घेऊ नका, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे त्याच संमतीच्या चिठ्ठीत विचारा.

आगमनकाळात मूठभर धान्य गोळा करायची पद्धत बऱ्याच शाळांत आहे. ज्वारी, गहू, तांदूळ असे तीन स्वतंत्र डबे वर्गाबाहेर ठेवा आणि प्रत्येकावर धान्याचं चित्र लावा. मिसळलेलं धान्य कुठलीही संस्था घेत नाही. पीठ घेऊ नका, त्याला लगेच पोरकिडे होतात. आधी संस्थेला फोन करून काय हवंय ते विचारा, अनेकदा त्यांना धान्यापेक्षा तेल आणि साबण हवा असतो.

सुरक्षेच्या बाबतीत मऊ राहू नका. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शासनानं शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी-सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) यांबाबत पुन्हा आदेश दिले. पोशाख बदलायच्या खोलीत फक्त शिक्षिका आणि नेमून दिलेल्या मुलांच्या आई, तिथं मोबाइल बंद. मंडप, स्पीकर, फोटोवाल्यांच्या माणसांची नावं आदल्या दिवशी कार्यालयात. सांताक्लॉज ओळखीचा शिक्षकच असावा, मुखवट्याशिवाय, कारण मुखवट्याला पहिलीतली मुलं घाबरून रडतात. त्यानं कुणाला मांडीवर घेऊ नये. मुलांचे फोटो शाळेनं निवडून द्यावेत, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ज्यानं-त्यानं टाकू नयेत.

पैसे कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर गोळा करू नका. जमा शाळेच्या पावतीनं, ऐच्छिक, आणि कुणी किती दिले हे वर्गात वाचून दाखवायचं नाही.

गव्हाणी सुट्टीनंतरही आठवडाभर राहू द्या. ज्ञानी लोकांच्या भेटीचा सण परंपरेनं 6 जानेवारीचा असतो, त्या मूर्ती तेव्हा गोठ्याजवळ सरकवता येतात. मग माळा गुंडाळून डब्यात, शाडूच्या मूर्ती ज्याच्या त्याच्या घरी, रंग न लागलेला कडबा जनावरं असलेल्या कुणाला तरी. हिशेबाची बैठक 10 जानेवारीच्या आत लावा. त्यानंतर यात्रा संपेपर्यंत गणपूर्ती होणार नाही.