चिखलासाठी क्वाड घ्यायची, पण चिखलात बुडालेली नको

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही कॅनडात, अल्बर्टातल्या रेड डिअरला राहतो. गेल्या वर्षी रॉकी माउंटन हाउसच्या पश्चिमेला 40 एकर जागा घेतली, हायवेपासून केबिनपर्यंत दीड किलोमीटर कच्ची वाट आहे, मे-जूनमध्ये तिथे नुसता राडा असतो आणि नोव्हेंबरपासून बर्फ. लाकडं ओढायला, सामान न्यायला आणि थोडं मागच्या जंगलात फिरायला एक वापरलेली क्वाड, म्हणजे कच्च्या रस्त्यावरची चारचाकी एटीव्ही, घ्यायची आहे. दोन बघून ठेवल्यात. एक 850 सीसीची, स्नॉर्कल, गाडी उंच करणारं लिफ्ट किट, मोठे मड टायर, रुतलेली गाडी दोराने ओढणारी विंच, सगळं लावलेलं, एकदम चकाचक, मीटरवर 1,900 किलोमीटर आणि 410 तास, 7,500 डॉलर. दुसरी 2014 ची होंडा रँचर 420, शेतकऱ्याची, सीट फाटलेली, पुढचा बंपर वाकलेला, 6,100 किलोमीटर आणि 520 तास, 5,800 डॉलर. मित्र म्हणतात 850 च घे, किलोमीटर कमी आहेत आणि मॉडिफिकेशन फुकटात मिळतंय. मी आयुष्यात एकदाच लोणावळ्याला अर्धा तास एटीव्ही चालवली आहे. काय करू?

उत्तर : आधी तुम्हीच दिलेले आकडे बघू, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. 1,900 किलोमीटरला 410 तास म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर, एवढं तर माणूस चालत जातो. याचा अर्थ ती गाडी एकतर बर्फ ढकलत होती किंवा चिखलात रुतून चाकं फिरवत होती, आणि स्नॉर्कल, लिफ्ट आणि मड टायर बघितल्यावर कुठलं ते सांगायला नको. इंजिन मात्र 410 तास तापलंय, त्याला किलोमीटरशी काही देणंघेणं नाही. शेतकऱ्याच्या होंडाचा हिशोब ताशी पावणेबारा किलोमीटर येतो, म्हणजे कुंपण बघत, गुरांमागे फिरत सरळ कामाला वापरलेली गाडी. म्हणून नुसते किलोमीटर बघून कधीच ठरवू नका, तास विचारा आणि भागाकार करा.

स्नॉर्कल म्हणजे इंजिनची हवा वरून ओढायची नळी, गाडी हँडलपर्यंत पाण्यात घालता यावी म्हणून लावतात. ती कोणी शोभेला लावत नाही हो. एक लक्षात घ्या, की आपल्याला चिखलातून जाणारी गाडी हवी आहे, चिखलात बुडवलेली नको, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकदा पाणी डिफरन्शिअलमध्ये (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा), व्हील बेअरिंगमध्ये, वायरिंगच्या जोडांमध्ये शिरलं की गाडी दोन महिने नीट चालते आणि मग एकेक करून सगळं बाहेर यायला लागतं, तोपर्यंत विकणारा पैसे घेऊन मोकळा.

हे मी स्वतः भोगलंय म्हणून इतकं कळकळीने लिहितोय. माझी पहिली क्वाड मी एका गृहस्थाकडून घेतली, प्रेशर वॉशरने धुऊन, प्लास्टिकला चकाकीचा स्प्रे मारून ठेवली होती, मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि पैसे दिले. डिसेंबरमध्ये उणे 22 ला पुढचा डिफरन्शिअल जाम झाला, केबिनपासून नऊ किलोमीटरवर, आणि अंधार पडायला तासभर राहिला होता. चालत आलो, पायाच्या दोन बोटांना पुढे कितीतरी दिवस संवेदना नव्हती. नंतर दुकानात उघडलं तर आतलं तेल राखाडी चिखलासारखं झालेलं आणि त्यात दातांचा चुरा. एक प्लग उघडून बघितला असता तर घेतानाच कळलं असतं, दोन मिनिटांचं काम होतं. आमचे आजोबा चाकणच्या बाजारात बैल घ्यायला जायचे तेव्हा बैल चालवून बघायचे, बसवून उठवून बघायचे, खुरांना हात लावायचे, रंगवलेल्या शिंगांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मला ते सगळं माहीत असून मी शिंगंच बघितली.

तर आता होंडा बघायला जाल तेव्हा काय करायचं. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावून बघा, गार असलं पाहिजे. गरम करून ठेवलेली गाडी कुठलीही पटकन चालू होते, आपल्याला गारठलेली चालू होताना बघायची आहे. मग इंजिन ऑइलची डिपस्टिक. तेल काळं असेल तर एवढं काही नाही, पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे, तिथूनच परत फिरा. एक बारीक गोष्ट मात्र सांगतो, हिवाळ्यात दहा-दहा मिनिटं चालवून बंद केलेल्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाला आतून थोडी पांढरी साय येते, ती दमटपणाची असते, तेवढ्यावरून घाबरू नका, डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असलं की झालं.

त्यानंतर विकणाऱ्याला विचारून पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलचे प्लग उघडा, त्यासाठी पाने आणि ॲलन कीचा सेट सोबत न्या. करंगळी आत घाला आणि तेल बोटावर घ्या, चोळून बघा. मधासारखं किंवा काळपट पण पारदर्शक असेल तर छान, राखाडी किंवा दुधाळ असेल, कचकच लागत असेल, तर माझीच गोष्ट तुमच्या नशिबी येणार. मग सीट काढा, एअरबॉक्सचं झाकण उघडा, फिल्टर बाहेर काढून त्याच्या पलीकडच्या नळीत, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या बाजूला बोट फिरवा, तिथे धूळ लागली म्हणजे इंजिनने माती खाल्ली आहे, पिस्टन-रिंग घासल्या असणार. आणि सीटच्या खाली, वायरिंगच्या गठ्ठ्यामागे, रेडिएटरच्या जाळीत, जिथे प्रेशर वॉशरचं पाणी पोचत नाही तिथे टॉर्च मारा. वाळलेल्या गाळाची रेघ दिसली की ती रेघ जिथपर्यंत आहे तिथपर्यंत गाडी बुडाली होती. रेडिएटर चिखलाने बुजलेला असला तर गाडी तापते, ते बरेचदा धुऊन सुटतं, पण गाळाची रेघ वायरिंगपर्यंत असेल तर ते धुऊन सुटत नाही.

चाकं वर उचलून एकेक चाक वरखाली धरून हलवा, टकटक लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेत. सीव्ही ॲक्सलचे, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे, रबरी बूट फाटलेत का बघा, बूट फाटला की ग्रीस जातं, माती शिरते. मागे सरळ ॲक्सल असलेल्या रँचरमध्ये असे बूट फक्त पुढेच असतात, चार. चारही चाकांना वेगळं सस्पेन्शन असलं तर आठ होतात, म्हणजे सुख जास्त आणि फाटायला जागाही जास्त, तुमचं काम लाकडं ओढायचं असेल तर सरळ ॲक्सल उलट बरा पडतो, मागे वजन टाकलं की गाडी फारशी बसत नाही. गचके मात्र खाणार, हे कबूल. मग चालवताना हँडल पूर्ण वळवून गोल फिरवा आणि कटकट ऐका, फोर व्हील टाकून खडीवर पुढची चाकं खरंच ओढतात का बघा, सगळे गिअर वरखाली चार-पाच वेळा टाका, बटणाने गिअर पडणारं मॉडेल असेल तर दहा वेळा टाका. वाकलेल्या बंपरमागची फ्रेम नीट न्याहाळा, बर्फाचं पातं लावून दगडावर आदळलेल्या गाड्यांची फ्रेम तिथेच वाकते नाहीतर चिरते आणि कोणीतरी वेल्डिंग करून वर रंग मारलेला असतो. नुसता बंपर वाकला असेल तर तो वाकू दे.

सीसीचं म्हणाल तर 400 ते 500 मध्ये तुमचं सगळं काम होतं. 850 पळते खूप, पण ती वजनालाही भारी, आणि एकट्या माणसाला मस्केगमध्ये, म्हणजे शेवाळाच्या दलदलीत, रुतलेली गाडी काढायची असते तेव्हा प्रत्येक किलो जाणवतो. 420 चं वजन सुद्धा पावणेतीनशे किलोच्या आसपास आहेच, ते काही हलकं नाही. दुसरं म्हणजे रँचरला गिअर आहेत, बेल्ट नाही. बाकी बहुतेक कंपन्यांच्या युटिलिटी क्वाडमध्ये सीव्हीटी बेल्ट, म्हणजे गिअरऐवजी ताकद पोचवणारा रबरी पट्टा, असतो, तो वाईट नाही, यामाहाची ग्रिझली त्याच्यावर वर्षानुवर्षं उत्तम चालते, 2007 ला ग्रिझली 700 ला पॉवर स्टिअरिंग सगळ्यात आधी आलं तेव्हापासून मी लोकांना ती घेताना बघतोय आणि पस्तावलेला कोणी भेटला नाही. पण बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं की बेल्ट घसरतो, लो गिअर न टाकता जड ओढलं की जळतो, नवख्या माणसाच्या हातून हे दोन्ही होतं. बेल्टवाली घ्यायची झालीच तर लो मध्ये चालवून बघा, जळक्या रबराचा वास येतो का घ्या.

मड टायरबद्दल एक गैरसमज आहे तोही सांगतो. खोल खाचांचे मोठे टायर कडक बुडाच्या चिखलात भारी काम करतात कारण ते खणत खणत खालच्या टणक जमिनीला जाऊन भिडतात. आपल्याकडच्या मस्केगला खाली टणक जमीनच नाही, वरची शेवाळ-मुळांची चटई फाटली की गाडी खालीच जात राहते, तिथे खणायचं नसतं, तरंगायचं असतं. साधे रुंद ऑल-टेरेन टायर, हवा कंपनीने सांगितलेली, ती तशीही कमीच असते, आणि थांबायचं नाही, हळू पण चालत राहायचं. मोठे टायर लावले की ॲक्सल आणि बेल्टवर ताण येतो तो वेगळाच.

कागदपत्रं विसरू नका. फ्रेमवरचा 17 अक्षरांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) स्वतः वाचून रजिस्ट्रेशनशी जुळवा, खोडल्यासारखा वाटला तर निघून या. रजिस्ट्री एजंटकडे जाऊन लिअन सर्च करा, गाडीवर कोणाचं कर्ज असलं तर ते गाडीबरोबर तुमच्या गळ्यात येतं, आणि चोरीची आहे का ते सीपीआयसीच्या, म्हणजे कॅनडाच्या पोलिसांच्या नोंदींच्या, साइटवर व्हीआयएन टाकून फुकट बघता येतं. जंगलात म्हणजे सरकारी जमिनीवर जाणार तर रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स आणि नंबर प्लेट लागते, 15 मे 2017 पासून हेल्मेटही सक्तीचं आहे, आणि ओढ्याच्या पात्रातून गाडी घालायला बंदी आहे, ट्राउट तिथे अंडी घालतात. आपल्या खाजगी जागेवर हेल्मेटची सक्ती नसली तरी घाला. उन्हाळ्यात दर वेळी थांबलं की सायलेन्सरभोवती अडकलेलं वाळकं गवत आणि शेवाळ काढत जा, ते तापून खाली पडतं आणि वणवा लागतो, आपल्या 40 एकरात आपल्याच हाताने नको.

एकूण काय, होंडा वरच्या सगळ्या तपासण्यांत पास झाली तर 5,500 सांगून बघा, उरलेल्या पैशात नवी बॅटरी, विंच आणि पुढच्या ॲक्सलला नवे बूट टाका. बॅटरीवर कंजूषी करू नका, इंजेक्शनवाली गाडी बॅटरी मेली की जवळजवळ नाहीच चालू होत, आणि उणे 30 ला जुनी बॅटरी मरतेच.

प्रश्न : काका, आमचा मुलगा 12 वर्षांचा आहे, केबिनवर बाबांची 500 सीसीची क्वाड चालवायची म्हणून रडून गोंधळ घालतो. मिस्टर म्हणतात आपल्याच जागेवर आहे, हळू चालवेल. मला धीर होत नाही. (एक आई, एडमंटन)

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे, अजिबात देऊ नका. मिस्टरांना गाडीवरचं लेबल दाखवा, मोठ्या माणसांच्या गाड्यांवर कंपनीनेच लिहिलेलं असतं की 16 वर्षांखालच्यांसाठी नाही. कारण वेग नाहीच मुळी, कारण वजन आहे. क्वाड वळवताना, चढावर, आडव्या उतारावर अंग इकडेतिकडे टाकून तोल सांभाळावा लागतो, 40 किलोच्या पोराच्या अंगाने तीनशे किलोची गाडी हलत नाही, आणि उलटली तर ती त्याच्या छातीवर येते, ताशी दहा किलोमीटरला सुद्धा. त्याला मागच्या रॅकवर बसवून फिरवणंही बंद करा, एका माणसाच्या गाडीला मागचं वजन चढावर पुढून उचलतं. त्याच्या वयाची, वेग लॉक करता येणारी छोटी क्वाड मिळते, ती वापरलेली घ्या, हेल्मेट-बूट-ग्लव्हज घाला आणि मोठं माणूस नजरेसमोर पाहिजे, 14 च्या आतल्या मुलांना सरकारी जमिनीवर तसा कायदाच आहे.

प्रश्न : बर्फासाठी ट्रॅक (चाकांऐवजी लावायचे रबरी पट्टे) लावू की साखळ्या? क्वाड 570 सीसीची आहे, ड्राइव्हवे साफ करायचा आणि कधीतरी तलावावर जायचं असतं. (फोर्ट मॅकमरी)

उत्तर : ड्राइव्हवेला साखळ्या आणि 60 इंची पातं, विषय संपला. ट्रॅक खोल बर्फासाठी, कारण टायरवर क्वाडचं पोट बर्फावर टेकलं की चारही चाकं हवेत फिरतात, ट्रॅकवर ती बर्फाच्या वर राहते. पण ट्रॅक वापरलेले घेतले तरी महाग, वेग बराच पडतो, हँडल जड होतं म्हणून पॉवर स्टिअरिंग पाहिजेच, आणि बेअरिंग, ॲक्सल, बेल्ट सगळ्यांवर ताण येतो. वर्षातून चार वेळा तलावावर जायला मी लावणार नाही. लावलेतच तर ट्रॅकवर पहिला तासभर फिरून आलात की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा, आणि ट्रॅक गोठून जमिनीला चिकटू नयेत म्हणून रात्री गाडी फळ्यांवर उभी करा.