सकाळी घाईत केळं-ओट्सचे पॅनकेक कसे करायचे? काळी पडलेली केळी चालतात का, आणि केळ्याने वजन वाढतं ना?

मैदा-साखर न घालता पंधरा मिनिटांत होतात का असं विचारलंय, तर हो, होतात. पण शेवटी तुम्ही लिहिलंय की घरातली केळी काळी पडलीत, ती टाकून नवीन आणू का, आणि केळ्याने वजन वाढतं असं सगळे सांगतात, ते वाचून मला राहवलं नाही. टाकू नका. पॅनकेकला तीच केळी लागतात. पिवळंधमक कडक केळं घेतलंत तर ते नीट कुस्करलंही जात नाही आणि गोडीही कमी पडते, मग माणूस साखर घालतो आणि म्हणतो हेल्दी केलं.

माझं माहेर जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातलं, घरी केळीच. जून-जुलैत लावली की मृगबाग, पावसाळा सरताना लावली की कांदेबाग, आणि टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, ग्रँड नैन जात असली तरी घड कापायला यायला अकरा-बारा महिने जातात. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पानं करपतात आणि पावसाच्या तोंडावर एक वादळ आलं की घड लागलेली उभी बाग एका रात्रीत आडवी होते. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-सावद्याहून गाड्या भरून केळी दिल्लीकडे जातात, सगळं खरं, पण साल ठिपक्यांचं झालं की शहरात त्याला सडकं म्हणतात हे मी लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हा आम्ही मोठ्या दिरांकडेच राहायचो. उन्हाळ्यात माहेरहून अप्पांनी ट्रॅव्हल्सने एक खोकं पाठवलं, घरच्या बागेतल्या फण्या, घरीच पिकवलेल्या. रात्रभर गाडीच्या डिकीत उकडून सकाळी पोचल्या तेव्हा सालीवर काळे ठिपके आलेले, आतून एकदम चांगली. भाऊजींनी खोकं उघडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, सडकी केळी कशाला पाठवतात, ठेवा बाहेर, गाईला घालू, आणि तसंही केळ्याने पोट सुटतं. मी घरात नवीन, काय बोलणार, पण त्या खोक्यामागे अप्पांचं वर्षभराचं पाणी आणि खत होतं, ते मला अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी पुतण्याची सकाळची शाळा होती, तो नुसतं दूध पिऊन पळायचा. ओट्सचं पाकीट घरात होतं, भाऊजींचंच, वजन कमी करायला आणलेलं, त्यात ते रोज दोन-तीन चमचे साखर घालून खायचे. मी त्यातले ओट्स मिक्सरला फिरवले, त्यात ती केळी आणि अंडं, आणि तव्यावर छोटे छोटे घातले. पुतण्याने शाळेची रिक्षा येईपर्यंत ताट सोडलं नाही, जाऊबाई गॅसपाशीच उभ्या राहून खात होत्या, आणि भाऊजी म्हणाले मस्त झालेत, साखर किती घातलीस? मी म्हटलं एक दाणा नाही, कालचीच केळी आहेत. तर म्हणाले, असो, पण केळं ते केळंच, वजन वाढणारच. हे वाक्य आमच्याकडे अजून दर दिवाळीला निघतं.

म्हणून इथे नीट लिहिते. कच्च्या केळ्यात मुख्यतः स्टार्च असतो, पिकताना त्याचीच साखर होते, म्हणजे ठिपके आले की केळं गोड होतं, त्यात कॅलरी काही बाहेरून येऊन बसत नाहीत. मध्यम केळ्यात साधारण शंभर कॅलरी, फॅट जवळजवळ नाहीच, वर तीनेक ग्रॅम फायबर. एक केळं, ४० ग्रॅम ओट्स, एक अंडं आणि चमचाभर तूप धरलं तरी साडेतीनशे-पावणेचारशेच्या आसपास होतं आणि तो एका मोठ्या माणसाचा पोटभर नाश्ता आहे. वजन वाढतं ते दिवसभराच्या एकूण खाण्याने, त्याचं खापर केळ्यावर का फोडायचं?

कृती तुम्हाला येतच असेल, फक्त जिथे बिघडतं तेवढं सांगते. साधे रोल्ड ओट्स घ्या, मसालावाले नाही. अर्धी वाटी ओट्स कोरडेच बारीक करून घ्या, आठवड्याचं एकदम करून डब्यात ठेवलं तर सकाळचा मिक्सर वाचतो. केळं मात्र ऐनवेळी काट्याने कुस्करा, रात्री करून ठेवलं तर काळपट होतं, खायला काही होत नाही पण मुलं तोंड वेडंवाकडं करतात. अंडं, चिमूटभर मीठ, जरा दालचिनी किंवा वेलची, पाव चमचा बेकिंग पावडर, आणि लागेल तसं दूध. मग पाच मिनिटं ठेवाच, ओट्स पाणी पितात आणि पीठ घट्ट होतं, ते डोशापेक्षा घट्ट आणि भज्यांपेक्षा सैल हवं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गॅस बारीक. केळ्यातली साखर लगेच करपते, म्हणून मोठ्या आचेवर बाहेरून काळे आणि आतून कच्चे होतात आणि मग लोक म्हणतात रेसिपी चुकीची. तळहातापेक्षा लहान घाला, कडा सुकल्या आणि वर बुडबुडे फुटले की मगच उलथनं लावा, मोठा घातला की मोडणारच. अंडं नको असेल तर दोन चमचे बेसन आणि दोन चमचे दही, फक्त जरा जास्त वेळ भाजा, बेसन कच्चं लागायला नको.

आणि कृपा करून ते खोक्यातलं पॅनकेक मिक्स आणू नका. आमच्या भाऊजींकडे आता तेच येतं, वर सिरप. पाकिटामागे घटक जास्त वजनापासून कमी वजनाकडे अशा क्रमाने लिहिलेले असतात, बहुतेक पाकिटांवर पहिला मैदा आणि मग लगेच साखर दिसते. पाकिटावर पुढे ओट्सचं चित्र असलं तरी मागची यादी वाचा. ते चालतं आणि शेतकऱ्याचं ठिपक्यांचं केळं चालत नाही, हे मला कधीच पटणार नाही.

तरी एक आहे, साल काळी असणं वेगळं आणि आतून पाणी सुटलेलं, आंबूस वास येणारं किंवा देठाला बुरशी धरलेलं वेगळं, ते खरंच टाका. घरात कोणाला डायबिटीस असेल तर पूर्ण पिकलेल्या केळ्याने साखर लवकर चढते, त्यांच्यासाठी अर्धंच केळं, तेही कमी पिकलेलं, आणि अंडं किंवा दही जास्त, डॉक्टरांना विचारून. किडनीचं पथ्य असलेल्यांनी पोटॅशियममुळे आधी विचारूनच खावं. मुलांना वरून मध आवडतो, थोडा घाला, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका.