आयत्या घरात वाढणाऱ्या इवल्या कोकिळमाश्या

प्रश्न (सांगोला): डाळिंबाच्या बांधावर मुरमाड जागेत बारीक माश्यांची बिळे आहेत. तांबड्या पोटाची, मोठ्या मुंगीएवढी एक माशी त्यांवर जमिनीलगत घिरट्या घालत असते. ती कोण?

उत्तर: ही मधमाशीच्या नात्यातल्या स्फेकोडिस गटातील कोकिळमाशी. कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, तशी ही दुसऱ्या माशीच्या बिळात घालते. बिळाची मालकीण पायांवर पिवळा पराग माखून परतते. हिला पराग वाहायचाच नसल्याने हिच्या पायांवर तसे दाट केस नसतात, आणि ओळखण्याची खूण हीच.

प्रश्न (बार्शी): कावळा कोकिळेचे पिल्लू भरवतो, तशी बिळाची मालकीण हिच्या अळीला भरवते का?

उत्तर: नाही, आणि मला सर्वांत विलक्षण वाटते ते हेच. या एकट्या राहणाऱ्या माश्या बिळात कप्पा करतात, त्यात पराग व मकरंदाचा गोळा ठेवतात, त्यावर अंडे घालतात आणि कप्पा बंद करून निघून जातात. त्यामुळे फसवायला तिथे कोणी उरतच नाही, असते ती फक्त भरलेली शिदोरी. स्फेकोडिसची मादी मालकिणीचे अंडे स्वतःच नष्ट करते आणि मग आपले घालते. नोमॅडा या दुसऱ्या गटातील कोकिळमाशीची मादी मात्र मालकीण पराग आणायला गेली की उघड्या कप्प्यात शिरते आणि त्याच्या भिंतीत अंडे दडवून निघून जाते. त्यातून निघालेल्या अळीचे जबडे विळ्यासारखे लांब व बाकदार असतात. त्यांनी ती मालकिणीचे अंडे किंवा अळी मारते, पुढे कात टाकताना ते जबडेही जातात आणि आयत्या बिळावरचा हा नागोबा निवांत पराग खात वाढतो. यजमान जेवढा लहान, तेवढी कोकिळमाशीही लहान: अमेरिकेच्या वाळवंटी भागातील निओलारा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते आणि पर्डिटा नावाच्या तशाच चिमुकल्या माश्यांच्या बिळांत वाढते.

प्रश्न (अक्कलकोट): आमच्या जुन्या माळवदाच्या घराच्या मातीच्या भिंतीपाशी निळ्या ठिपक्यांची काळी माशी येते. ती डसेल का?

उत्तर: चिमटीत धरली तरच. ही थायरियस गटातील कोकिळमाशी; भिंतीत घर करणाऱ्या निळ्या पट्ट्यांच्या माश्यांच्या मागावर ती येते. स्वतःचे घर नसल्याने रात्री ती काडीला जबड्याने घट्ट धरून झोपते. सूर्योदयापूर्वी अंगणातल्या वाळल्या काड्या निरखून पाहाव्यात.

प्रश्न (सांगोला, वरीलच वाचक): मग बिळांत औषध ओतावे का?

उत्तर: कृपया ओतू नये. त्याने परागीभवन करणाऱ्या मालकिणीच आधी मरतील. कोकिळमाशी टिकते ती यजमान माश्या भरपूर असतील तिथेच, म्हणजे आपला बांध चांगला नांदता आहे. तेवढा तुकडा न नांगरता, तण न जाळता राहू द्यावा, आणि बाग फुलोऱ्यात असताना कीटकनाशकाची फवारणी टाळावी. अगदीच गरज पडली तर ती माश्या बिळात परतल्यावर, संध्याकाळी उशिरा करावी.